घाटातून बसने सहल नेताना: आयोजकांनी आणि प्रवाशांनी घ्यायची काळजी

२८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचारी सुट्टीच्या दिवशी बसने महाबळेश्वरला निघाले होते. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या आंबेनळी घाटात त्यांची बस रस्ता सोडून शेकडो फूट खोल दरीत कोसळली आणि ३१ जणांपैकी ३० जणांचा मृत्यू झाला. जो एक प्रवासी वाचला, तो झाडाझुडपांचा आधार घेत वर रस्त्यावर पोहोचला, तेव्हाच अपघाताची बातमी बाहेर गेली. एका संस्थेतील इतकी माणसे एकाच सकाळी गेली आणि दापोली तालुक्यातील कितीतरी घरांतला कर्ता माणूस त्यांच्यात होता. त्यापूर्वी २ जानेवारी २०१४ रोजी माळशेज घाटात ठाण्याहून अहमदनगरकडे जाणारी एसटी दरीत कोसळून २७ जणांचा मृत्यू झाला होता. १५ एप्रिल २०२३ च्या पहाटे बोरघाटात, जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर, पुण्याकडचा कार्यक्रम आटोपून मुंबईला परतणाऱ्या वादक पथकाची खासगी बस शिंगरोबा मंदिराच्या परिसरात दरीत कोसळली आणि १३ जण दगावले. त्यांत बहुतेक तरुण मुले होती.

अशा अपघातानंतर चर्चा चालकाची चूक, ब्रेक आणि रस्त्याचा कठडा या तीन गोष्टींभोवती फिरते. तिन्ही महत्त्वाच्या आहेत, परंतु प्रवाशांच्या हाती त्यांतले काहीच नसते असे मानून आपण गप्प बसतो, हे मला मान्य नाही. बस किती वाजता निघेल, कोणती असेल, तिच्यात किती माणसे बसतील, चालक एक असेल की दोन आणि आदल्या रात्री त्याला झोप मिळालेली असेल की नाही, हे सारे सहलीच्या आधी चार-आठ दिवस, चहाच्या टेबलावर ठरलेले असते. ते ठरवणारा माणूस म्हणजे कार्यालयातला, सोसायटीतला, भजनी मंडळातला किंवा शाळेतला आयोजक. पुढील मार्गदर्शन प्रामुख्याने त्याच्यासाठी आणि नंतर बसमध्ये बसणाऱ्या प्रत्येकासाठी आहे.

निघण्याची आणि परतण्याची वेळ

सहलीचे वेळापत्रक ठिकाणांवरून न आखता घाटावरून आखावे. ज्या घाटातून जायचे आहे तो जाताना आणि येताना, दोन्ही वेळा उजेडात पार होईल असे आधी ठरवावे आणि मग उरलेल्या वेळेत जेवढी ठिकाणे बसतील तेवढीच घ्यावीत. प्रत्यक्षात नेमके उलटे घडते. शेवटच्या ठिकाणी सूर्यास्त बघायचा असतो, मग जेवण लांबते, आणि एका दिवसाची रजा वाचावी म्हणून रात्रभर प्रवास करून सकाळी कामावर हजर होण्याचा बेत केला जातो. रात्री दोन ते पहाटे पाच या वेळेत शरीराचा झोपेकडे असलेला ओढा सर्वाधिक असतो आणि कितीही अनुभवी चालक त्याला अपवाद नसतो. चहा पिऊन किंवा चेहऱ्यावर पाणी मारून ही झोप थोडा वेळ लांबते, जात नाही. म्हणून परतीचा घाट मध्यरात्रीनंतर येत असेल, तर मुक्काम एका रात्रीने वाढवावा. खर्च माणशी काही शेकड्यांनी वाढेल आणि त्यावर कुरकुर होईल. ती ऐकून घेण्याची तयारी आयोजकाने ठेवलीच पाहिजे.

चालकाबाबत बस ठरवतानाच मालकाला दोन प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावेत: आमच्या फेरीच्या आदल्या दिवशी आणि रात्री हा चालक कोणत्या फेरीवर आहे, आणि आमचा प्रवास आठ तासांपेक्षा लांबला तर दुसरा चालक सोबत असेल का. व्यावसायिक वाहनाच्या चालकाला दिवसाला आठ तासांचे काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, हे प्रमाण आपल्याकडे १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यापासून मानले गेले आहे. लग्नसराईत आणि मे महिन्यात एकच चालक लागोपाठ फेऱ्या करताना दिसतो. सकाळी बस दारात आली की त्याच्याशी पाच मिनिटे बोलावे. डोळे लाल आहेत का, बोलणे जड आहे का, तोंडाला दारूचा वास आहे का, हे कळायला तेवढा वेळ पुरतो. शंका आली तर निघू नये, दुसरा चालक येईपर्यंत थांबावे.

या संदर्भात एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती कोणत्याही नियमावलीत सापडत नाही. सहलीतली चाळीस माणसे हॉटेलात गाद्यांवर झोपतात आणि ज्याच्या हाती त्या सर्वांचा जीव आहे तो चालक बसच्या मागच्या आसनावर डास मारत रात्र काढतो. मुक्कामाच्या आरक्षणात चालक आणि क्लीनर यांच्यासाठी एक खोली धरावी आणि त्यांचे जेवण सर्वांच्या आधी व्हावे. वर्गणी काढतानाच ही रक्कम हिशेबात घ्यावी. माझ्या मते आयोजक सुरक्षिततेवर जो काही खर्च करू शकतो, त्यातला हा सर्वांत उपयोगी खर्च आहे.

बस निवडताना

पहिला विचार एसटीचा करावा. राज्य परिवहन महामंडळ सहली, लग्ने आणि यात्रांसाठी ‘प्रासंगिक करारा’वर बस देते. आगारात अर्ज करून पैसे भरले की ती मिळते. आसने तितकी मऊ नसतील, पण आगारातली देखभाल आणि नियमित प्रशिक्षण घेतलेला चालक यांचे मोल घाटात कळते. खासगी बस घ्यायची असेल, तर तिची पाटी पिवळी असल्याची खात्री करावी. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेऊन नेणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारण्याची शक्यता त्यात असते. बसचा क्रमांक आधीच मागून घ्यावा आणि ‘एम-परिवहन’ अॅपवर तो टाकून योग्यता प्रमाणपत्राची, विम्याची आणि परवान्याची मुदत पाहावी. या कामाला दोन मिनिटे लागतात. मालक क्रमांक द्यायला टाळाटाळ करत असेल किंवा ऐन वेळी वेगळीच बस पाठवत असेल, तर ती नाकारण्याचा हक्क आयोजकाला आहे. म्हणून आगाऊ रक्कम देताना क्रमांक पावतीवर लिहून घ्यावा.

बस दारात आल्यावर तिच्याभोवती एक फेरी मारावी. पुढच्या दोन चाकांचे टायर विशेष बघावेत: नक्षी झिजून गुळगुळीत झालेली नसावी, बाजूला चिरा किंवा फुगवटा नसावा, आणि वरून नवी नक्षी चढवलेला जुना टायर पुढच्या चाकांना तरी नसावा. आत जाऊन संकटकाळी बाहेर पडण्याचा दरवाजा स्वतः उघडून पाहावा. पुष्कळ बसमध्ये त्याच्या आड जादा आसन बसवलेले असते, त्याची कडी गंजलेली असते किंवा तिथे सामान रचलेले असते. काच फोडण्याच्या हातोड्या जागेवर आहेत का, अग्निशामक नळकांडे आहे का आणि त्यावरील मुदत संपलेली नाही ना, हे बघावे. आसनांना पट्टे असतील तर ते सर्वांनी लावावेत, कारण बस उलटते तेव्हा आसनावरून फेकला गेलेला किंवा खिडकीतून बाहेर पडून बसखाली सापडलेला माणूस वाचण्याची शक्यता फार कमी असते. डिसेंबर २०२४ मध्ये ताम्हिणी घाटात लग्नाला निघालेली खासगी बस वळणावर उलटली आणि पाच जणांचा मृत्यू झाला. ती दरीत कोसळली नव्हती, केवळ रस्त्यावर आडवी झाली होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आसनांपेक्षा एकही माणूस अधिक घेऊ नये. तेलंगणातील कोंडगट्टू येथे ११ सप्टेंबर २०१८ रोजी घाटउतारावर कोसळलेल्या परिवहन महामंडळाच्या बसमध्ये शंभरच्या आसपास प्रवासी होते आणि मृतांची संख्या साठच्या घरात गेली. उत्तराखंडातील अल्मोडा जिल्ह्यात मारचुला येथे ४ नोव्हेंबर २०२४ रोजी दरीत कोसळून ३६ जणांचा बळी घेणारी बसही क्षमतेपेक्षा बरीच अधिक भरलेली होती. अधिक वजन म्हणजे थांबायला लागणारे अधिक अंतर, आणि उभे प्रवासी किंवा टपावरचे सामान म्हणजे वर सरकलेला तोल. हे दोन्ही परिणाम सपाट रस्त्यावर फारसे जाणवत नाहीत, पण वळणावळणाच्या उतारावर एकत्र येतात. टपावर काहीही ठेवू नये. जड बॅगा खालच्या कप्प्यात जाव्यात. मोठी, बारा मीटर लांबीची बस अरुंद घाटात काही वळणे एका दमात घेऊ शकत नाही आणि दरीच्या तोंडाशी तिला मागेपुढे करावे लागते. अशा घाटासाठी एका लांब बसऐवजी दोन लहान बस घेणे श्रेयस्कर. काही घाटांत मोठ्या वाहनांना कायमची किंवा पावसाळ्यापुरती बंदीही असते, तेव्हा जिल्हा प्रशासनाचे आदेश निघण्याआधी पाहावेत.

उतार सुरू होण्यापूर्वी

घाट चढताना बस तापते, पण धोका वाढतो तो उतरताना. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे आणि खोपोली सुमारे ६० मीटरवर. भरलेल्या मोठ्या बसचे वजन १५ टन धरले, तर एवढ्या उंचीवरून खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते ती अडीचशे लिटर पाणी उकळीपर्यंत तापवायला पुरेल. ही सगळी उष्णता केवळ ब्रेकच्या लायनरमध्ये, म्हणजे घासून चाक थांबवणाऱ्या अस्तरात, गेली तर ते इतके तापतात की पायाखालचे पेडल दाबूनही चाकावरची पकड कमी होत जाते. अनेकदा ‘ब्रेक निकामी झाला’ असे म्हटले जाते तेव्हा काही तुटलेले नसते, ब्रेक तापून निरुपयोगी झालेले असतात. यावर उपाय एकच: ही ऊर्जा इंजिनाने अडवायची. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली की इंजिन चाकांना मागे ओढते आणि ब्रेकचा वापर अधूनमधून, थोडा वेळ, पण नीट दाबून करता येतो. ज्या गिअरमध्ये गाडी तो घाट चढेल त्याच गिअरमध्ये, किंवा त्याहून एक खालच्या गिअरमध्ये, तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे.

याच्या अगदी विरुद्ध सवय म्हणजे डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलवर सोडणे. त्यात इंजिनाचा अटकाव संपूर्ण जातो, सारा भार ब्रेकवर येतो, आणि वेग वाढल्यावर पुन्हा खालचा गिअर पडत नाही. प्रवाशाला ही गोष्ट कानाने ओळखता येते. उतारावर खालच्या गिअरमधली बस मोठ्याने घुमते, इंजिनाचा चढा, सलग आवाज येत राहतो. वेग वाढतो आहे, वाऱ्याचा आणि टायरचा आवाज वाढतो आहे, पण इंजिन मात्र थांब्यावर उभी असताना असावी तशी हलकी घरघर करत आहे, असे जाणवले तर बस न्यूट्रलवर आहे असे समजावे आणि लगेच बोलावे. दुसरी खूण नाकाला कळते: लायनर जळल्याचा उग्र, करपट वास. तो आपल्याच बसचा असेल तर पुढच्या रुंद जागेवर, चाकाला ओट (चाक अडवणारा दगड किंवा ठोकळा) लावून, ब्रेक थंड होईपर्यंत बस उभी करायला लावावी. अर्धा तास गेला तरी हरकत नाही. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नये. तिसरी खूण चालकाच्या पायाची आहे. एअरब्रेक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक, असलेल्या बसमध्ये चालक सतत पेडल दाबत-सोडत राहिला तर टाकीतली हवा भरण्यापेक्षा वेगाने खर्च होते, समोरचा काटा खाली येतो आणि धोक्याचा भोंगा वाजू लागतो. तो भोंगा ऐकू आला की बस थांबलीच पाहिजे.

म्हणून घाटमाथ्यावर, उतार लागण्याआधी, दहा मिनिटांचा थांबा सक्तीचा करावा. चालकाने टायर, ब्रेक, दिवे आणि वायपर पाहावेत, प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात आणि पट्टे लावावेत. गाणी, नाच आणि मोठा आवाज पायथा येईपर्यंत बंद ठेवावा. चालकाच्या केबिनमध्ये गप्पा मारायला किंवा चित्रण करायला कोणी बसू नये. चालकाच्या जवळच्या आसनावर मात्र एक जबाबदार, जागा राहणारा माणूस नेमावा, आणि हे काम प्रत्येक घाटात आळीपाळीने द्यावे.

चालकाशी बोलायचे कसे, हा प्रश्न खरा आहे, कारण चाळीस जणांनी मागून ओरडून चालकाचे लक्ष उडते आणि अपमान झालेला माणूस हट्टाला पेटतो. नेमलेल्या एकानेच, जवळ जाऊन, शांतपणे आणि मानाने बोलावे: “दादा, गाडी गिअरमध्येच ठेवा, आम्हाला पोहोचायची घाई नाही.” घाई नाही हे वाक्य महत्त्वाचे आहे. उशिराबद्दल मालक किंवा प्रवासी बोल लावतील या भीतीने चालक वेग घेतो, ती भीती आयोजकानेच काढून टाकायची असते. सांगूनही फरक पडला नाही, तर पुढच्या गावात थांबा घ्यायला लावावा, मालकाला दूरध्वनी करावा आणि गरज पडल्यास ११२ वर कळवावे. पर्यायी गाडीची वाट पाहत टपरीवर तीन तास बसावे लागले तरी ते करावे.

अरुंद घाटात समोरासमोर गाड्या आल्या तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते. वळणावर ओव्हरटेक नको, आणि दरीच्या बाजूच्या साइडपट्टीवर चाक उतरवायला लावणारी घासाघीस तर मुळीच नको, कारण पावसाने ती माती भुसभुशीत झालेली असते.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर या काळात सह्याद्रीतील घाट दिसायला सर्वांत सुंदर आणि प्रवासाला सर्वांत अवघड असतात. हवामान खात्याने त्या जिल्ह्यासाठी नारिंगी किंवा लाल इशारा दिला असेल तर सहल पुढे ढकलावी, हा नियम वर्गणी गोळा करतानाच जाहीर करावा, म्हणजे ऐन वेळी वाद होत नाही. पहिल्या सरींत रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ यांचा निसरडा थर तयार होतो. धुक्यात बस चालवायची वेळ आलीच, तर दिवे खाली टाकून, रस्त्याच्या डाव्या कडेची पांढरी रेघ धरून, पायी चालण्याच्या वेगाने जावे, आणि समोरचे काहीच दिसत नसेल तर रुंद जागी पूर्णपणे रस्त्याबाहेर थांबावे. वरून लहान दगड किंवा गढूळ पाणी येत असेल तर दरड सुटण्याची ती पूर्वसूचना असू शकते. अशा ठिकाणी धबधबा बघायला थांबणे धोक्याचे आहे.

बस ताब्याबाहेर गेली तर

अशा वेळी हाताशी काही सेकंदच असतात. ब्रेक लागत नसल्याचे कळल्यावर चालकाने गिअर एकेक करून खाली आणावा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग कमी करणारा ब्रेक) असेल तर तो लावावा, हँडब्रेक ओढावा आणि बस डोंगराच्या बाजूच्या गटारात किंवा कातळाला घासत नेऊन थांबवावी. बसचे नुकसान होईल, पण दरीची बाजू टळेल. प्रवाशांनी उठू नये, दाराकडे धावू नये, चालत्या बसमधून उडी मारू नये. उभे असलेल्यांनी मधल्या वाटेत खाली बसून आसनांचे पाय धरावेत. बसलेल्यांनी पावले जमिनीवर घट्ट टेकवून, कपाळ पुढच्या आसनाच्या पाठीला लावून, दोन्ही हातांनी डोके झाकावे. लहान मूल मांडीवर असेल तर त्याला स्वतःच्या आणि पुढच्या आसनाच्या मध्ये, खाली, घट्ट धरावे. मोठ्या माणसाने सोबतच्याला हाताने धरून ठेवण्यापेक्षा आसन धरावे, कारण धक्क्याच्या वेळी हाताची पकड टिकत नाही.

बस कठड्यावर अडकून लोंबकळत राहिली, तर रस्त्याच्या बाजूला बसलेल्यांनी आधी, एकेकाने, धक्का न देता, रस्त्याकडच्या दारातून किंवा खिडकीतून बाहेर पडावे. मात्र त्यांच्या उतरण्याने बस हलू लागली तर थांबावे आणि बाहेरच्यांनी दोर, साखळी किंवा दुसऱ्या जड वाहनाने बस बांधेपर्यंत सर्वांनी जागेवर राहावे.

दरीत पडल्यानंतरचा पहिला तास

शुद्धीवर असलेल्यांनी प्रथम इंजिनाची चावी बंद करावी आणि काडी किंवा लायटर पेटवू देऊ नये. बाहेर पडायला पुढची-मागची काच, संकटकाळचा दरवाजा किंवा छताचा झरोका वापरावा. बस आडवी पडली असेल तर बाजूच्या खिडक्या वर किंवा खाली गेलेल्या असतात. बाहेर पडल्यावर बसच्या खालच्या उताराकडे उभे राहू नये, ती पुन्हा घसरू शकते.

आग किंवा घसरण्याचा धोका नसेल तर अडकलेल्या माणसाला ओढून काढू नये. मान आणि कणा दुखावलेला असेल तर चुकीच्या ओढण्याने आयुष्यभराचे अपंगत्व येते. वाहणाऱ्या रक्तावर स्वच्छ कापडाची घडी ठेवून तळहाताने सतत दाबून धरावे आणि रक्त थांबले का हे पाहण्यासाठी ती वारंवार उचलू नये. बेशुद्ध पण श्वास घेणाऱ्या माणसाला डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून दोघा-तिघांनी मिळून कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी किंवा रक्त घशात जाणार नाही. जखमींना पाणी पाजण्याची आपल्याकडे जी घाई असते ती आवरावी. शस्त्रक्रियेची गरज पडू शकते आणि बेशुद्धाच्या घशात पाणी गेले तर तो गुदमरतो. अंग मात्र कपड्यांनी, चादरींनी झाकून ऊबदार ठेवावे.

चालू शकणाऱ्यांपैकी दोघांनी एकत्र वर रस्त्यावर जावे. दरीत रेंज नसते, पण ११२ हा क्रमांक उपलब्ध असलेल्या कोणत्याही कंपनीच्या जाळ्यातून लागू शकतो, म्हणून दर काही अंतरावर तो लावत राहावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे. बोलताना घाटाचे नाव, कोणत्या गावाकडून कोणत्या गावाकडे जात होतो, जवळचा किलोमीटरचा दगड किंवा देऊळ, बसमधली माणसे किती आणि दरी अंदाजे किती खोल, एवढे सांगावे. ‘दोर आणि गिर्यारोहक लागतील’ हे शब्द मुद्दाम उच्चारावेत, कारण नुसता ‘अपघात’ म्हटल्यास क्रेन आणि रुग्णवाहिका येते आणि दरीत उतरणारी माणसे नंतर बोलवावी लागतात. आंबेनळीत दरीत उतरून काम करणाऱ्यांत महाबळेश्वर, पोलादपूर परिसरातील ट्रेकर मंडळी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बरोबरीने होती. घाटांत मदतीला सर्वांत लवकर पोहोचतात ती बहुधा हीच माणसे आणि आसपासच्या वाड्यांतले ग्रामस्थ. यासाठीच आयोजकाने प्रवाशांची नावे, वये आणि घरचे क्रमांक असलेली यादी निघण्यापूर्वी घरी राहिलेल्या एका व्यक्तीकडे देऊन ठेवावी. यादी फक्त बसमध्येच असेल तर तिचा काहीच उपयोग होत नाही.

रस्त्यावर थांबलेल्यांनी गाड्या एका कडेला लावून रुग्णवाहिकेला वाट मोकळी ठेवावी, दोन्ही बाजूंच्या वळणांच्या अलीकडे माणूस उभा करून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवावा आणि दरीच्या काठावर गर्दी करू नये, कारण पायाखालून सुटलेला दगड खाली काम करणाऱ्याच्या डोक्यात बसतो. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ नुसार संरक्षण आहे. त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. वाचलेल्या प्रवाशाला घेराव घालून ‘काय झाले, कोण चालवत होते’ असे विचारत राहू नये. त्याचे म्हणणे पोलिसांनी, उपचारानंतर घ्यायचे आहे.

उपचार आणि नुकसानभरपाई

मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीला ठरलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, पैसे न भरता उपचार मिळू शकतात. दाखल करताना ‘रस्ता अपघात’ अशी नोंद करून घ्यावी आणि पोलिसांकडे कळवल्याची खात्री करावी, म्हणजे या सवलतीची वाट मोकळी होते.

दाव्यासाठी लागणारी कागदपत्रे पहिल्या पंधरा दिवसांतच जमवावीत, कारण नंतर ती मिळवणे अवघड होते: गुन्ह्याच्या प्रथम खबरीची प्रत, घटनास्थळाचा पंचनामा, मृत्यू झाला असल्यास शवविच्छेदन अहवाल, जखमीचे सर्व वैद्यकीय कागद आणि बिले, बसच्या नोंदणीची, परवान्याची आणि विम्याची माहिती, बस ठरवल्याची पावती, आणि मृत व्यक्तीच्या उत्पन्नाचा व वयाचा पुरावा. एसटीचा प्रवास असेल तर तिकीट जपून ठेवावे. मूळ कागद कोणालाही देऊ नयेत, फक्त प्रती द्याव्यात. शोकाच्या दिवसांत कोणी दलाल, बसमालकाचा माणूस किंवा ओळखीचा ‘मध्यस्थ’ रोख रक्कम पुढे करून कोऱ्या कागदावर किंवा तडजोडीवर सही मागेल, तर ती देऊ नये.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे कलम १६६ खाली दाखल करता येतो. तो अपघात जिथे झाला तिथे, किंवा वारस जिथे राहतात तिथेही करता येतो, म्हणून दापोलीच्या कुटुंबाला पोलादपूरकडे खेपा घालण्याची गरज नसते. चालकाची चूक सिद्ध करण्याच्या वादात न पडता ठरावीक भरपाई हवी असेल तर कलम १६४ खाली मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात. पण कमावता माणूस गेला असेल तर कलम १६६ खालची रक्कम बहुतेक वेळा याहून बरीच मोठी असते, तेव्हा निवड वकिलाशी बोलूनच करावी. १ एप्रिल २०२२ पासून कलम १६६ खालच्या दाव्यासाठी अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांची मुदत आहे. वर्षश्राद्ध झाल्यावर कागद बघू, असे म्हणून अनेक घरे ही मुदत हातची घालवतात. कुटुंबातल्या कोणालाच ते बळ नसेल, तर ज्या संस्थेने किंवा मंडळाने सहल काढली होती तिने एक माणूस या कामाला नेमून द्यावा, त्याने दर घराचे कागद एकेका पाकिटात लावावेत, आणि पाचव्या महिन्याच्या आत सर्व दावे एकत्र दाखल करावेत.